लांब इंग्रजी शब्दाची सम

इंग्रजीच्या तासाला मूल कुठे अडते, हे खेड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारून पाहा. “कॅट”, “बुक”, “टेबल” इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. पुढे “एज्युकेशन”, “इलेक्ट्रिसिटी”, “रिस्पॉन्सिबिलिटी” अशी लांबलचक मंडळी भेटू लागली की वाचणाऱ्याचा आवाज बारीक होतो, शब्दाचे पहिले दोन तुकडे कसेबसे बाहेर पडतात आणि उरलेला शब्द पुटपुटण्यात विरून जातो. आमच्या फोंडाघाटच्या आसपासच्या गावांतून महाविद्यालयात येणारी मुले हुशार असतात. पुस्तकातला मजकूर त्यांना समजतो, उत्तरेही येतात. पण उभे राहून मोठ्याने वाचायला सांगितले की मान खाली जाते. हीच मुले पुढे बोटीवर, बँकेत, इस्पितळात, हॉटेलात नोकरीसाठी मुलाखतीला बसतात, तेव्हा उत्तर माहीत असूनही गप्प राहतात. एक शब्द चुकेल या भीतीपायी हातची नोकरी जाते, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

श्रोतेहो, यात बुद्धीचा दोष नाही आणि जिभेचाही नाही. मग दोष कशाचा? माझ्या मते, इंग्रजी आपल्याकडे ज्या वाटेने आली त्या वाटेचा. आपल्या जिल्ह्याची आणि इंग्रजीची ओळख तशी जुनी. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत “दर्पण” पत्र सुरू केले. त्यात एका रकान्यात मराठी व शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर छापलेला असे. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घेऊन मराठी माणसाच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ही इंग्रजी मुख्यतः कागदावरची, म्हणजे डोळ्यांनी शिकण्याची होती. आजही, २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आली असली, तरी बहुतेक मुलांची तिच्याशी गाठ पडते ती पुस्तकाच्या पानावरच.

आता याच्या उलट पाहा. ज्यांना इंग्रजी अक्षराची ओळखही नव्हती, त्यांनी ती भाषा नुसत्या कानांनी घेतली. पलटणीत नवीन भरती झालेल्या माणसाला इंग्रजीत “रिक्रूट” म्हणतात. आपल्या लोकांनी त्याचा “रंगरूट” केला. शब्दाचे तोंड बदलले, पण शेवटचा “रूट” जसाच्या तसा लांब आणि ठळक राहिला. आगगाडीच्या “प्लॅटफॉर्म”चा त्यांनी “फलाट” केला. इथे पहिला “प्लॅट” टिकला आणि “फॉर्म” गळून पडला. असे का व्हावे? कारण “रिक्रूट” उच्चारताना साहेबाचा सारा जोर शेवटच्या तुकड्यावर पडे आणि “प्लॅटफॉर्म”मध्ये तो पहिल्या तुकड्यावर पडे. जिथे जोर, तिथे कान. उरलेले राहिले काय आणि गेले काय! “ऑफिस” आणि “पोलीस” हे दोन शब्द घ्या. इंग्रजीत दोहोंच्या शेवटी आय, सी, ई हीच तीन अक्षरे. पण आपण एकात “फि” ऱ्हस्व म्हणतो आणि दुसऱ्यात “ली” दीर्घ. कोणी शिकवले? कानाने शिकवले. “ऑफिस”मध्ये जोर आरंभी आहे, “पोलीस”मध्ये तो शेवटी आहे.

या जोराला आघात म्हणतात. भजनी मंडळींना सांगायचे तर आघात म्हणजे शब्दाची सम. ठेका कितीही लांब असो, सम कुठे आहे हे कळले की टाळ चुकत नाही. लांब इंग्रजी शब्दाचेही तसेच आहे. आधी त्याचे तुकडे पाडावेत, मग सम शोधावी आणि मग बाकीचे तुकडे सैल सोडावेत. या तीन गोष्टींचा विचार आपण क्रमाने करू या.

पहिली गोष्ट तुकडे पाडण्याची. उच्चारातल्या एका तुकड्याला आपण “अवयव” म्हणू. एका स्वराभोवती जेवढे ध्वनी एका दमात बोलले जातात, तेवढ्यांचा मिळून एक अवयव होतो. लिहिलेली अक्षरे आणि बोललेले अवयव यांची संख्या सारखीच असते असे नाही, आणि हे मराठीतही खरे आहे. “कणकवली” लिहिताना आपण क, ण, क, व, ली अशी पाच अक्षरे लिहितो. पण एस.टी.चा कंडक्टर गावाचे नाव पुकारतो ते “कण्-कव्-ली” असे तीन अवयवांत. “फोंडाघाट” लिहायला चार अक्षरे, बोलायला तीन अवयव. “करतो” लिहायला तीन अक्षरे, बोलायला “कर्-तो” असे दोनच. हा हिशोब मुलाला कोणी न शिकवता येतो. तोच इंग्रजीला लावायचा.

इंग्रजीत मात्र एक सावधगिरी हवी. डोळ्यांना दिसणारे स्वर मोजायचे नाहीत, कानाला ऐकू येणारे मोजायचे. “एज्युकेशन”च्या स्पेलिंगमध्ये ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदा हजर आहेत. पण अवयव होतात चारच: ए-ज्यु-के-शन. कारण शेवटच्या टी-आय-ओ-एन या चार अक्षरांचा मिळून एकच “शन” झाला. शब्दाच्या शेवटी असलेला ई पुष्कळदा मुकाच असतो. उलट, “टेबल”च्या शेवटी एल-ई आले की तिथे टे-बल असा स्वतंत्र अवयव उभा राहतो. “स्ट्रेंग्थ्स” या शब्दात नऊ अक्षरे, पण अवयव एकच! आणि “एरिया”त अक्षरे चार, तर अवयव तीन. म्हणून शब्द पानावर किती लांब दिसतो यावर घाबरायचे की नाही ते ठरवू नये.

तुकडा नेमका कुठे पाडावा? दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते बहुधा पुढच्या अवयवाला द्यावे: पे-पर. दोन व्यंजने असतील तर बहुधा त्यांच्या मधून कापावे: डॉक्-टर, हॉस्-पि-टल. मात्र तुकडे पाडताना पदरचा स्वर घालू नये. “फिल्म” हा एकच अवयव आहे. आपण “फिलिम” म्हटले की त्याचे दोन होतात. मुलाला खात्री करून घ्यायची असेल तर हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हणायला सांगावे. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल, साधारण तितके अवयव.

दुसरी गोष्ट सम शोधण्याची, आणि खरी गंमत इथेच आहे. मराठीत आपण सगळ्या अवयवांना जवळजवळ सारखे वागवतो. लहानमोठेपणा असलाच तर तो ऱ्हस्व-दीर्घाचा. वृत्ते शिकवताना आपण लघु-गुरू मोजतो ते याच आधारावर. इंग्रजीत मात्र लांब शब्दातला एक अवयव मुख्य असतो. तो अधिक जोराने, जरा लांबवून, बहुधा किंचित चढ्या सुरात आणि स्वर अगदी स्पष्ट ठेवून म्हणायचा असतो. पुढे मी अशा अवयवाच्या आधी ' अशी छोटी खूण केली आहे.

एक कुटुंब पाहा: 'फो-ट-ग्राफ, फ-'टॉ-ग्र-फर, फो-ट-'ग्रॅ-फिक. छायाचित्र, छायाचित्रकार आणि छायाचित्रविषयक. मूळ शब्द एकच, पण सम पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर सरकली. आपण तिन्ही ठिकाणी “फोटोग्राफ” हा साचा कायम ठेवून पुढे शेपूट जोडतो, म्हणून “फोटो'ग्राफर” असा उच्चार होतो. ऐकणारा क्षणभर गोंधळतो तो यामुळे.

सम अशी सरकते कशाने? शब्दाच्या शेपटाने. याला इतिहास आहे. इंग्रजांचे घरगुती शब्द, म्हणजे 'फा-दर, 'म-दर, 'वॉ-टर, हे त्यांच्या जुन्या जर्मानिक भाषेतले. त्यांत जोर सहसा आरंभीच असतो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच शब्दांचा पूर आला. पुढे विद्येच्या प्रांतात लॅटिन व ग्रीक शब्दांची भर पडली. आपल्याकडे नाही का, घरात पाणी आणि भाकरी, तर कचेरीत फिर्याद आणि वसुली! इंग्रजीतले लांब शब्द बहुतेक या बाहेरून आलेल्या घराण्यांतले आहेत, आणि त्यांची सम आरंभाकडून न शोधता शेवटाकडून शोधावी लागते. त्यासाठी चार-पाच शेपटे ओळखली तर पुष्कळ काम भागते.

शब्दाच्या शेवटी “शन” असेल तर सम त्याच्या लगेच आधी: ए-ज्यु-'के-शन, इन्-फर्-'मे-शन, इग्-झॅ-मि-'ने-शन, इ-'लेक्-शन. टेलिव्हिजनच्या शेवटी लिहिण्यात असेच शेपूट आहे, पण तिथे सम बहुधा पहिल्या “टे”वर धरतात. तेवढा अपवाद लक्षात ठेवावा. शेवटी “इक” किंवा “इकल” असेल तरीही सम “इक”च्या लगेच आधी: सा-यन्-'टि-फिक, ई-क-'नॉ-मिक, प-'लि-टि-कल. मात्र राजकारणाचे नाव “पॉलिटिक्स” आणि गणिताचे नाव “अरिथ्मेटिक” हे दोन शब्द हा नियम जुमानत नाहीत. त्यांची सम 'पॉ-लि-टिक्स आणि अ-'रिथ्-म-टिक अशी.

“इटी”, “लॉजी”, “ग्राफी”, “क्रसी” अशी शेपटे असली तर शेवटून तिसऱ्या अवयवावर सम धरावी: यु-नि-'व्हर्-सि-टी, बाय-'ऑ-ल-जी, जि-'ऑ-ग्र-फी, डि-'मॉ-क्र-सी. विजेचे कुटुंब घेतले तर हे सारे एका ठिकाणी दिसते. इ-'लेक्-ट्रिक म्हणजे विजेचा, इ-लेक्-'ट्रि-शन म्हणजे विजेचे काम करणारा, इ-लेक्-'ट्रि-सि-टी म्हणजे वीज. ही तीन रूपे फळ्यावर एकाखाली एक लिहून मुलांकडून म्हणून घ्यावीत. दहा नियम सांगून जे होणार नाही ते या तीन शब्दांनी होते.

काही शेपटे सम स्वतःवरच ओढून घेतात. 'एन्-जिन या शब्दात सम आरंभी आहे, पण एन्-जि-'निअर म्हणताना ती शेवटी जाते. व्हॉ-लन्-'टिअर, एम्-प्लॉय-'ई, जॅ-प-'नीज हे तसेच. “कमिटी” मात्र क-'मि-टी अशी. याच्या उलट काही शेपटे अगदी गरीब स्वभावाची. ती जोडली तरी सम जागची हलत नाही. “इंग”, “ली”, “नेस”, “मेंट”, “फुल” ही त्यांतली. डि-'व्हे-लप, डि-'व्हे-लप-मन्ट. 'मॅ-निज, 'मॅ-नि-जर, 'मॅ-निज्-मन्ट. विकासाच्या योजनांमुळे “डेव्हलपमेंट” हा शब्द गावोगाव पोचला आहे. आपण “डे”वर जोर देतो, तो “व्हे”वर द्यावा, एवढेच.

दोन अवयवांच्या काही शब्दांत तर सम बदलली की शब्दाची जात बदलते. 'रे-कॉर्ड म्हटले तर नोंद किंवा तबकडी, रि-'कॉर्ड म्हटले तर नोंदवणे. 'पर्-मिट म्हणजे परवाना आणि पर्-'मिट म्हणजे परवानगी देणे. अशा जोड्यांत नामाची सम बहुधा पहिल्यावर आणि क्रियापदाची दुसऱ्यावर असते.

तिसरी गोष्ट बाकीचे अवयव सैल सोडण्याची. आपल्याला ही सर्वांत अवघड जाते, कारण प्रत्येक अक्षराला न्याय द्यावा अशी आपल्याला लहानपणापासूनची शिस्त. इंग्रजीत जोर नसलेल्या अवयवातला स्वर पुष्कळदा फिका पडतो आणि आपल्या “अ”सारखा ऐकू येतो. ओ लिहिलेला असो, ए असो, ई असो, उच्चार बहुधा ओझरता “अ”. शाळा सोडताना मिळणारे “सर्टिफिकेट” आपण शेवटच्या “केट”वर वजन टाकून म्हणतो. त्याचा उच्चार सर्-'टि-फि-कट असा आहे. “टि” ठळक, “कट” ओझरता. “ॲग्रिकल्चर” म्हणताना 'ॲ-ग्रि-कल्-चर असा पहिल्यावर भर देऊन पुढे उतरत जावे. फार लांब शब्दांत मुख्य समेच्या आधी एक लहानसा ठोकाही असतो. “युनिव्हर्सिटी”तल्या “यु”वर थोडे वजन, मग “व्हर्”वर खरे. घाट चढताना मोठ्या चढणीच्या अगोदर एक लहान टेकाड लागावे तसे.

आता एक लांब शब्द प्रत्यक्ष करून पाहू: “रिस्पॉन्सिबिलिटी”, जबाबदारी. अक्षरे चौदा. कान लावून अवयव मोजले तर सहा: रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. शेपूट “इटी”चे, म्हणून शेवटून तिसरा अवयव धरला, तो “बि”. सम सापडली. आता मुलाला हा शब्द आरंभापासून म्हणायला लावू नये, शेवटाकडून बांधावा. प्रथम “लि-टी”. मग “'बि-लि-टी”. मग “सि-'बि-लि-टी”. मग “स्पॉन्-सि-'बि-लि-टी”. आणि शेवटी “रि-स्पॉन्-सि-'बि-लि-टी”. असे केल्याने प्रत्येक वेळी मूल अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जाते आणि शब्दाच्या शेवटी त्याचा दम तुटत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यासाठी कोणतेही खर्चाचे साधन लागत नाही. रोज दहा मिनिटे पुरेत. पहिल्या आठवड्यात मुलांच्या व गावांच्या नावांवर टाळ्या वाजवून अवयव मोजायला शिकवावे. दुसऱ्या आठवड्यात तेच इंग्रजी शब्दांवर करावे. मग समेवर मोठी टाळी आणि इतर अवयवांवर बोटांची चुटकी असा खेळ घ्यावा. फळ्यावर समेसाठी मोठे टिंब आणि बाकीच्यांसाठी बारीक टिंबे काढली तरी चालते. एका वेळी एकच शेपूट घ्यावे आणि मुलांना पाठ्यपुस्तकातून त्याच शेपटाचे शब्द शोधून आणायला सांगावे. मुलांनी स्वतः शोधलेला नियम ती विसरत नाहीत, आणि अपवाद सापडला तर त्याचाही त्यांना आनंद होतो.

शंका आली तर शब्दकोश पाहावा. शब्दाच्या मध्ये दिलेली टिंबे पुष्कळदा ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगतात. ती उच्चाराशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. उच्चारासाठी कंसातला भाग पाहावा. तिथे समेच्या अवयवाच्या आधी, वरच्या बाजूला, बारीक उभी रेघ असते. काही जुन्या अमेरिकन कोशांत मात्र ही खूण अवयवानंतर देत, म्हणून कोशाच्या आरंभीचे पान एकदा नजरेखालून घालावे. आणि कोश नसेल तर आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या आहेतच. अर्थ सगळा समजला पाहिजे असा आग्रह न धरता रोज त्यातले दोन लांब शब्द टिपून घ्यावेत आणि त्यांची सम कुठे पडली ते लिहून ठेवावे. वर्षाअखेर तुमच्या वहीत जो कोश तयार होईल तो तुमच्या वर्गाला विकतच्या कोशापेक्षा जवळचा वाटेल.

शेवटी एक गैरसमज दूर केला पाहिजे. “मग आम्ही साहेबासारखे बोलावे काय?” असे काही जण विचारतात. मुळीच नाही. आपल्या मालवणी माणसाने “काय करतंस?” म्हटले की हेलावरून त्याचा मुलूख कळतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. हेल वाक्याचा असतो, माणसाच्या मातीचा असतो. तो इंग्रजीतही थोडाफार उतरणारच. आघाताची गोष्ट वेगळी आहे. तो त्या शब्दाचाच भाग आहे, स्पेलिंगमधल्या अक्षराइतकाच. भारतीय माणसांची इंग्रजी परक्यांना कितपत समजते, यावर हैदराबादच्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेतील बन्सल यांनी केलेला अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. न समजण्याच्या महत्त्वाच्या कारणांत चुकीच्या अवयवावर पडणारा आघात हे एक कारण त्यांना आढळले. बाकी, खुद्द इंग्रजांतही एकमत नसलेले शब्द आहेत. वादाला त्यांच्याकडे “कॉन्ट्रव्हर्सी” म्हणतात. त्यात सम पहिल्यावर धरावी की दुसऱ्यावर, याचाच त्यांच्यात वाद आहे! तेव्हा एखादा शब्द चुकला म्हणून आपल्या मुलाने मान खाली घालण्याचे कारण नाही.

मूल अडखळले तर त्याला चटकन शब्द सांगून मोकळे होऊ नका. “तुकडे किती?” असे विचारा. मग “शेपूट कोणते?” असे विचारा. मग “टाळी कुठे?” असे विचारा. या तीन प्रश्नांची उत्तरे ते स्वतः देऊ लागले, म्हणजे पुढचा लांब शब्द ते तुमच्याशिवाय वाचील.